सोनूच्या वाचनाची सुरुवात

लीड्स, इंग्लंड

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

सोनू अजून बोलत नाही, म्हणून ‘आधी बोलू दे, मग वाचनाचं बघू,’ असं शाळेत सांगितल्याचं तू फोनवर म्हणालीस, ते मनाला फार लागलं. थांबू नकोस. वाचायला तोंड उघडावंच लागतं असं नाही. योग्य शब्दावर बोट ठेवलं की तेही वाचनच.

त्याच्या जिवाभावाचे पाच शब्द घे: बस, केळं, पाणी, झोका, आई. ‘पोळी’ इतक्यात नको. ‘पाणी’ शेजारी ठेवलीस तर दोन्ही सारखीच दिसतात. पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे काप आणि काळ्या मार्करने प्रत्येकावर एकच शब्द लिही, अक्षर दोन बोटं उंच. चित्रं वेगळ्या पुठ्ठ्यांवर लाव. चित्राखालीच शब्द असला की मूल चित्र बघतं, शब्दाकडे त्याची नजरही जात नाही.

आधी शब्दावर तसाच शब्द ठेवायचा. ते जमलं की तीन कार्डं मांडून ‘बस दे’ म्हणायचं. शब्दाला चित्र जुळवणं त्यानंतर. एकदा विचारलंस की मनात दहा आकडे मोज, आणि तोवर अगदी गप्प राहा. ठाऊक असलं तरी हात उचलायला त्याला वेळ लागतो, आणि तू पुन्हा विचारलंस की त्याचं सगळं पहिल्यापासून सुरू होतं. चुकला तर ‘नाही’ म्हणू नकोस. बरोबर कार्ड दाखव, त्याला बोट ठेवू दे, जरा वेळाने परत विचार. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, बस्स.

तीन कार्डांत नुसत्या अंदाजानेही तिनात एकदा बरोबर येतं. म्हणून दहात आठ वेळा, तेही सलग तीन दिवस जमलं, तरच शब्द आला म्हण. तरी फसगत होते. मूल उजवीकडचंच कार्ड उचलतं, दुमडलेला कोपरा ओळखतं, नाहीतर तुझी नजर कुठे वळते ते बघतं. जागा दर वेळी बदल, प्रत्येक शब्दाची दोन कार्डं कर, आणि अधूनमधून भावोजींना विचारू दे.

त्याचा हात मात्र कधीही धरू नकोस. मुलाचा हात धरून अक्षरांवर नेण्याची एक पद्धत आहे. तपासून पाहिलं तेव्हा शब्द हात धरणाऱ्याचे निघाले. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन या वाचा-भाषा-श्रवण तज्ज्ञांच्या संस्थेने १९९०च्या दशकात आणि पुन्हा २०१८ मध्ये तिच्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. बोट त्याचंच हवं.

पंधरा-वीस शब्द झाले की अक्षरं. तू ‘न... ळ’ असं लांबवून म्हण, त्याने नळाचं चित्र उचलावं. मग तसंच कार्डांवर: नळ, फळ, घर. काना आणि दुसरी वेलांटी आधी घे. पहिली वेलांटी अगदी शेवटी, कारण ती दिसते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. ब-व आणि घ-ध एका दिवशी मांडू नकोस.

आयआयटी मुंबईचं ‘जेलो’ ॲप, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलून दाखवणारं, मोफत आहे, मराठीतही आहे. तेही हाताशी असू दे.

आणि त्याने ‘पाणी’चं कार्ड दिलं तर पाणीच दे, त्याला केळं हवं असेल असं तुला वाटलं तरी.

भावोजींना नमस्कार, सोनूला पापा.

तुझी,
धाकटी