व्हॅक्यूम पाइप काढून ३ बार, लावून नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर टर्बो गाड्यांना अॅडजस्टेबल फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे इंजेक्टरना जाणाऱ्या पेट्रोलचा दाब ठरवणारी, स्क्रूनं कमीजास्त करता येणारी झडप, बसवण्याबद्दल माहिती छापून आली. विषय काढलात हे चांगलं केलंत. पण त्यातल्या दोन गोष्टींनी इंजिनं जातील, म्हणून हे पत्र. मी शिवाजी उद्यमनगरात पेट्रोल इंजेक्शनची कामं करतो. ते कात्रण मोबाइलवर घेऊन पोरं दारात येतात. हातात ऑनलाइन मागवलेला लाल-निळा रेग्युलेटर आणि तोंडात एकच वाक्य : "मामा, प्रेशर वाढवून द्या, नाद खुळा पळली पाहिजे."

लेखात म्हटलंय की गाडी आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता, नुसती सुरू) ठेवा आणि गेजवर ३ बार येईपर्यंत स्क्रू फिरवा. मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाकडून) रेग्युलेटरला येणारा व्हॅक्यूम पाइप काढायचा, हे कुठंच नाही. खरी गडबड इथं आहे. रेग्युलेटरच्या आत डायफ्राम असतो. त्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला स्प्रिंग आणि मॅनिफोल्डमधला दाब. पेट्रोल या दोघांना भारी पडलं की झडप उघडते आणि जादा पेट्रोल रिटर्न लाइननं टाकीत जातं. आयडलला मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, ती स्प्रिंगचा जोर कमी करते. म्हणून ३ बारला नीट लावलेला रेग्युलेटर आयडलला २.४ च्या आसपास दाखवतो आणि तेच बरोबर असतं. पाइप जोडलेला ठेवून ३ आणलेत, की खरा बेस, म्हणजे पाइप काढल्यावरचा मूळ दाब, ३.६ झाला. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबफरकाच्या वर्गमुळाच्या हिशेबानं वाढतं, म्हणजे सरसकट साडेनऊ टक्के जास्त. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) ते कापता आलं नाही तर प्लग काळे होतात, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं आणि मालक म्हणतो, गाडी जड झाली.

त्यात आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. इथं हवेचा दाबच मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी, त्यामुळे आयडलचा व्हॅक्यूमही तितकाच दिसत नाही. मुंबईतल्या कुणी सांगितलेला आयडलचा आकडा कावळा नाक्यावर उभ्या गाडीला लावून उपयोग काय? पाइप काढला, मॅनिफोल्डकडचं तोंड बुचानं बंद केलं, की डायफ्रामच्या वरची बाजू बाहेरच्या हवेला उघडी होते आणि गेजही बाहेरच्या हवेपासूनच मोजतो. तेव्हा दिसतो तो बेस, मग गाडी गगनबावड्यात असो की चौपाटीवर. चेक नट सैल करायचा, स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचा, मध्ये थांबायचं, नट आवळायचा आणि पुन्हा बघायचं, कारण नट आवळताना आकडा हलतो. मग पाइप परत जोडला की दाब खाली आलाच पाहिजे. नाही आला तर पाइप चिरलाय किंवा तो थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) अलीकडून घेतलाय. पाइपात पेट्रोलचा ओलावा असला तर डायफ्राम फाटलाय, तो रेग्युलेटर फेकून द्या.

टर्बो गाडीत या पाइपावर सगळा खेळ आहे. बूस्ट (टर्बोनं दाबून भरलेल्या हवेचा जादा दाब) १ बार आला की मॅनिफोल्डमधली हवा इंजेक्टरच्या तोंडावर उलटी रेटते. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीत) ३ च राहिले तर इंजेक्टरच्या वाट्याला फरक उरतो २ चा आणि पेट्रोल अठरा टक्के कमी पडतं, तेही नेमकं इंजिनाला सर्वांत जास्त हवं असताना. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त), नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट), पिस्टनला भोक. म्हणून एकास एक वाढणारा रेग्युलेटर घ्यायचा : बूस्ट १, तर रेलवर ४. बूस्टच्या अनेक पटींनी दाब चढवणारे प्रकारही मिळतात. साध्या इंजिनाला टर्बो जोडून ईसीयूला हात न लावता भागवायचं, या जुन्या काळातला तो जुगाड. त्यानं पंपाचा जीव जातो. आज ईसीयूचा मॅप (पेट्रोल किती सोडायचं याचा तक्ता) बदलता येत असताना मी तो बसवत नाही.

लावून झाल्यावर बूस्टमध्ये आकडा बघायलाच हवा, जमलं तर डायनोवर (गाडी जागच्या जागी रोलरवर पळवायच्या यंत्रावर). जोतिबाच्या चढाला फूल थ्रॉटल देऊन गेज बघायचा उद्योग करू नका, रस्ता भाविकांचा आहे. बूस्ट ०.८ असताना रेलवर ३.८ दिसले पाहिजेत. ३.४ वर अडकला तर रेग्युलेटरला शिव्या घालू नका : पंप, फिल्टर नाहीतर पंपाला पोहोचणारे व्होल्ट. दाब चढतो तसा पंपाचा पुरवठा घटतो. आणि गेजसाठी पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नाही, कधीच नाही. सेन्सर लावा.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. हा रेग्युलेटर कुठल्याही टर्बो गाडीला चालतो, असं छापलंय. डिझेलला नाही, कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वरचे दाब असतात. टीएसआय किंवा बूस्टरजेटसारख्या डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) पेट्रोल इंजिनांनाही नाही. तिथं कॅमशाफ्टवरचा पंप शंभर बारच्या पलीकडे दाब नेतो आणि तो ईसीयूच्या ताब्यात असतो. उरल्या पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे सिलिंडरबाहेर हवेच्या वाटेत पेट्रोल सोडणाऱ्या गाड्या. जुन्या ऑक्टाव्हिया १.८ टीमध्ये रेलवरच रेग्युलेटर असतो, काम सोपं. आजच्या बहुतेक गाड्यांत मात्र तो टाकीतच असतो, इंजिनाकडून टाकीकडे रिटर्न लाइनच नसते. ती नव्यानं ओढावी लागते आणि खर्च तिथंच होतो. रिटर्न बारीक ठेवली आणि पंप मोठा, तर स्क्रू पूर्ण सैल करूनही दाब खाली येत नाही. ताशी २५५ लिटरच्या पंपाला मी ३/८ इंची रिटर्न टाकतो.

घेताना रंग बघू नका. डायफ्राम आणि ओ-रिंग कशाच्या आहेत ते विचारा. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आता पंपावर वीस टक्के मिसळून येतं. स्वस्त नकली मालातलं साधं रबर त्यात फुगतं, कडक होतं. ओ-रिंग व्हायटन रबराची हवी, नळी इथेनॉलला चालणारी. रेलवरचा अॅल्युमिनियम अॅडॉप्टर आमच्या गल्लीतला लेथवाला बाहेरच्या मालापेक्षा सरस काढून देतो, फक्त ओ-रिंगच्या खाचेचं माप त्याला कागदावर लिहून द्या. आमच्या उद्यमनगरात शेजारी वेल्डिंग सुरूच असतं, म्हणून लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं आणि आगविझवा हाताशी ठेवायचा.

याच इथेनॉलमुळे काहीजण म्हणतात, मिश्रण पातळ झालं, प्रेशर वाढवा. ३ चे ३.५ केले तर पेट्रोल आठ टक्के वाढतं हे खरं. पण आयडल आणि संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू ते परत कापतो. फरक उरतो तो फूल लोडवर, जिथं कुणी मोजत नाही. बेस बदलायचा तर मॅपमध्ये इंजेक्टरचा नवा प्रवाह भरलाच पाहिजे, नाहीतर कंपनीचा आकडा बरा. आणि रस्त्यावरच्या गाडीत असले बदल करताना, त्यांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, हेही आपल्या पानावर यायला हवं होतं.

माझी मागणी एवढीच : ज्या पानावर तो मजकूर आला, त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात, 'व्हॅक्यूम पाइप काढून' हे तीन शब्द आणि डायरेक्ट इंजेक्शन व डिझेल गाड्या वगळल्याची ओळ छापावी. पोरं कात्रण दाखवतात, तेव्हा निदान दुसरं कात्रण मला दाखवता येईल.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर