अ‍ॅक्रिलिकच्या नावाखाली सेल्युलॉइड पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

सोलापुरात पेट्या आणि पियानो दुरुस्त करणं हा माझा धंदा. एका जुन्या पियानोच्या ५२ पांढऱ्या पट्ट्यांसाठी तुमच्याकडून २ मिलिमीटर जाडीचं अ‍ॅक्रिलिक मागवलं. मालकांना पूर्वीसारखं हस्तिदंतच हवं होतं. त्याच्या व्यापारावर आपल्याकडे बंदी आहे हे समजावून मी त्यांना अ‍ॅक्रिलिकवर राजी केलं. हस्तिदंत याहून पातळ असतं, म्हणून सगळ्या पट्ट्या रंधून खाली उतरवल्या. बिलावर अ‍ॅक्रिलिक, पाकिटावर अ‍ॅक्रिलिक. आत निघालं सेल्युलॉइड, झटकन पेट घेणारं जुन्या काळचं प्लॅस्टिक.

पहिल्या पट्टीवर तुकडा चिकटवला, कडा कानशीने घासल्या आणि पट्टी बफवर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर धरली, तोच कापराचा वास आला. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो, अ‍ॅक्रिलिकमध्ये नसतो. मशीन बंद करेपर्यंत कड पेटली होती. ओलं पोतं टाकलं तरी खालून जळतच राहिलं, कारण या मालाच्या पोटातच ऑक्सिजन असतो. बादलीभर पाणी ओतलं तेव्हा विझलं. त्या विषारी धुराने दोन दिवस घसा धरला होता. पट्टीचं मूळ लाकूड पुढून कोळसा झालं आहे.

माझी शेड पत्र्याची, भिंतीला लागून यंत्रमाग. तुळयांवर कापसाचा तूस कायम बसलेला, त्यात सोलापूरचा मे महिना. काय होऊ शकलं असतं ते तुम्हीच बघा.

नंतर खात्रीसाठी नखाएवढा तुकडा अंगणात चिमट्यात धरून पेटवला. फुर्रकन गेला.

सेल्युलॉइडशी माझं वैर नाही. जुन्या पियानोंवर ते असतंच. तसं सांगितलं असतं तर बफ लावलाच नसता, हाताने, पाणी लावून, सावकाश घासलं असतं. पण पाकिटावर 'ज्वलनशील' एवढा शब्दही नाही, आणि तोच माल कुरियरने आला.

मला खरं अ‍ॅक्रिलिक पाठवा, बरोबर २ मिलिमीटरचंच, कारण पट्ट्या आता त्या मापाला उतरल्या आहेत. जळालेल्या पट्टीचा खर्च द्या. उरलेले सेल्युलॉइडचे पत्रे घराबाहेर सावलीत, मोकळ्या हवेत ठेवले आहेत. ते नेण्याची सोय तुम्ही करा, मी कुरियरला देणार नाही. आणि या लॉटमधला माल ज्यांना ज्यांना गेला त्यांना आजच फोन करा. कुणाचा तरी बफ आत्ता चालू असेल.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. बिलाची प्रत आणि जळालेल्या पट्टीचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक पेटी-पियानो दुरुस्तीकार, सोलापूर