सुतारी बेंचला पीयू नको, आणि तेलाच्या चिंध्यांपासून जपा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी छोटी कार्यशाळा उभारण्याविषयी लेख आला, हे चांगले झाले. बेंचच्या फळीबद्दल मात्र ‘पीयूचे तीन हात द्या, नाहीतर जवसाचे तेल लावा’ एवढे सांगून लेख पुढे सरकला. यातला पहिला सल्ला, म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन, लाकडावर कडक थर चढवणारे पॉलिश), सुतारी बेंचला लागू पडत नाही. दुसरा योग्य आहे, पण त्याच्याबरोबर आगीची जोखीम येते आणि तिचा लेखात उल्लेखच नव्हता.

पीयूचा थर लाकडात मुरत नाही, वरच्या वर कातडीसारखा बसतो. जेवणाच्या टेबलाला तो उत्तम. सुतारी बेंचवर पटाशी निसटते, हातोडी आपटते, स्क्रूचे टोक घासते. घाव बसेल तिथे थर फुटतो, फटीतून ओल आत जाते आणि थराखाली अडकते. आधी जागा पांढुरकी होते, मग पापुद्रे सुटू लागतात. तेवढ्याच जागी नवा हात मारला तर तो जुन्या पीयूवर नीट धरत नाही, अख्खी फळी घासावी लागते. शिवाय गुळगुळीत फळीवर रंधा मारताना काम (म्हणजे घडवायचे लाकूड) सरकते, ते वेगळेच. मेलामाइन पॉलिश आणखी कडक, त्याचे टवके लवकर उडतात. चपडीचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश झटपट वाळते आणि दुरुस्तीलाही सोपे, पण स्पिरिट सांडले की विरघळते आणि गरम चहाचा पेला ठेवला की पांढरे कडे उमटते.

म्हणून सुतारी बेंचला तेलच. पण कोणते, हे महत्त्वाचे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे ‘डबल बॉइल्ड’ जवसाचे तेल, म्हणजे बेलतेल, घ्यावे. त्यात वाळवणारी द्रव्ये मिसळलेली असतात, त्यामुळे पातळ हात साधारण एक-दोन दिवसांत वाळतो. खाण्याचे कच्चे जवस तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहते. खोबरेल कधीच वाळत नाही, शेंगदाण्याचे तेल खवट होते. गाडीचे जळके तेल तर मुळीच नको: ते प्रत्येक कामाला डाग लावते, त्यावर ना फेविकॉल धरतो ना पॉलिश, आणि ते रोज हाताला लागणे आरोग्यालाही वाईट. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावत आले आहेत. ते टिकाऊ असले तरी कातडीवर उतते, फोड येतात. हात सतत टेकतात त्या जागी ते लावू नये.

किनारपट्टीवर नुसत्या बेलतेलाची एक अडचण आहे. पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. त्यावर उपाय म्हणजे बेलतेल, तेलात बनवलेले साधे वार्निश आणि टर्पेंटाइन समभाग मिसळणे. पाण्याने पातळ होणारे वार्निश इथे चालत नाही. सहा फूट बाय दोन फूट फळीच्या दोन्ही बाजू आणि कडा धरून तीन हातांना अर्धा ते पाऊण लिटर मिश्रण पुरते.

फळी रंध्याने सपाट करून १२० नंबरच्या घासकागदापर्यंतच (सँडपेपर) घासावी. त्याहून बारीक घासली तर पकड जाते. फळी सागाची असेल तर तिच्यातले नैसर्गिक तेल वाळण्याच्या आड येते, म्हणून आधी थिनरने पुसावी आणि थिनर उडताच पहिला हात द्यावा. मिश्रण सुती कापडाने सढळ लावायचे, पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यायचे आणि वर उरलेले सगळे पुसून काढायचे. बहुतेकांचे काम बिघडते ते इथेच. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. थर जाड राहिला तर वर साय धरते, आत ओलेच राहते, सुरकुत्या पडतात आणि चिकटपणा महिनोन् महिने जात नाही. दोन हातांमध्ये किमान एक दिवस, भर पावसाळ्यात तीन दिवसही जाऊ द्यावेत. शक्यतो हे काम मे महिन्यापर्यंत उरकावे.

खालची बाजू कोरडी सोडू नये. तिथून ओल जास्त शोषली जाते आणि फळी वाकते. तेलाने ओल पूर्ण अडत नाही, तिचा वेग फक्त मंदावतो. तेव्हा फळी चौकटीला गोंदाने चिकटवण्याऐवजी लांबट भोकांतून स्क्रूने बसवावी, म्हणजे ती फुगली-आकसली तरी चिरत नाही. शेवटी मेण लावण्याचा मोह टाळावा. फळी निसरडी होते आणि मेण कामाला लागून त्यावरचे पॉलिश धरत नाही.

आता तेल लावलेल्या-पुसलेल्या चिंध्या. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. कापड पसरलेले असले तर ती हवेत निघून जाते. चुरगळून कोपऱ्यात टाकलेल्या बोळ्यात ती कोंडते, तापमान वाढते, तेल आणखी वेगाने वाळू लागते आणि काही तासांत बोळा आपोआप पेटू शकतो. त्याला ठिणगी लागत नाही. फिलाडेल्फियातील ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी लागलेली आग २२ व्या मजल्यावर ठेवलेल्या जवस तेलाच्या चिंध्यांपासून सुरू झाली होती. तीत अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. कार्यशाळेत भुसा असतो, विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पत्र्याचे छप्पर तापलेले असते. काम संपताच चिंध्या बाहेर तारेवर एकेरी पसराव्यात आणि कडक झाल्यावरच टाकाव्यात, किंवा झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात. तेल सांडलेला भुसाही ढिगात राहू देऊ नये. पुढच्या अंकात चिंध्यांबद्दलचा एवढा मजकूर चौकटीत छापावा, ही कळकळीची विनंती.

फिटरच्या किंवा गाडी दुरुस्तीच्या बेंचचे गणित निराळे आहे. तिथे ग्रीस आणि डिझेल सांडते, म्हणून फळीवर तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा बसवणे बरे. रंगकाम किंवा चिकटवण्याचे काम जास्त असेल तर सहा मिलिमीटरचा हार्डबोर्ड स्क्रूने बसवावा. खराब झाला की उलटवावा, नंतर बदलावा.

ज्यांनी आधीच पीयू मारला आहे त्यांनी खरवडणीने तो काढावा, मग ८० आणि १२० नंबरचा कागद मारावा. धूळ बारीक असते, तोंडाला मास्क हवा. उघड्या लाकडावर पाण्याचे दोन थेंब टाकून पाहावेत. ते मुरले तर फळी तेलासाठी तयार आहे. मण्यासारखे उभे राहिले तर पीयू अजून शिल्लक आहे, आणखी घासावे लागेल.

– सुतारकामाचे एक शिल्पनिदेशक, रत्नागिरी