साताऱ्यात की पुण्यात?

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. मूल होण्यासाठीचे उपचार साताऱ्यातच घ्यावेत की पुणे गाठावे, असे तू विचारले आहेस आणि सोबत दोन क्लिनिकांची माहितीपत्रके पाठवली आहेस. दोन्ही नीट वाचली. त्यांत गोंडस बाळांची छायाचित्रे आहेत, डॉक्टरांच्या पदव्या आहेत, हप्त्यांच्या सोयीची जाहिरातही आहे. परंतु ज्याच्या ताब्यात तुमचे भ्रूण पाच-सहा दिवस राहणार, त्या एम्ब्रियॉलॉजिस्टचे, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भ्रूणतज्ज्ञाचे, नाव दोहोंपैकी एकातही नाही. आपल्याकडे क्लिनिक डॉक्टरच्या नावावर ठरते आणि आतली प्रयोगशाळा कोण चालवते, हे कोणी विचारत नाही. तू ते आधी विचारावेस, असे मला वाटते.

मात्र आयव्हीएफपर्यंत, म्हणजे प्रयोगशाळेत अंडी फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्यापर्यंत, जाण्याआधी एक गोष्ट. वहिनींची एचएसजी (गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे दाखवणारा एक्स-रे) झाली, दोनदा सोनोग्राफी झाली, कोणी लॅप्रोस्कोपीही (पोटात दुर्बीण घालून तपासणी) सुचवली आणि तुझी वीर्यतपासणी अजून झालेलीच नाही, हे वाचून मला राग आला. तुझ्यावर थोडा आणि सल्ला देणाऱ्यांवर अधिक. मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, असते. ही तपासणी स्वस्त आहे, तिला भूल लागत नाही की टाकेही पडत नाहीत. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना द्यायचा असतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषानुसार दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही शुक्राणूंच्या संख्येची खालची मर्यादा धरली जाते. आकडा कमी आला तरी हबकून जाऊ नकोस. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, मधल्या काळातल्या मोठ्या तापानेही संख्या घसरते, म्हणून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. एकाच रिपोर्टवर थेट इक्सी (अंड्यात एकच शुक्राणू सुईने सोडण्याची पद्धत) सुचवणाऱ्या, किंवा केवळ टीबी पीसीआर ही क्षयजंतूंचा अंश शोधणारी तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून वहिनींना क्षयाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करू पाहणाऱ्या डॉक्टरांकडून उठून दुसरे मत घ्यावेस.

आता क्लिनिकविषयी. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ साली झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार प्रत्येक क्लिनिकला नोंदणी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दिसेल असे लावावे लागते. ते पाहताना त्यावर लेव्हल १ आहे की लेव्हल २, हे वाच. लेव्हल १ ला केवळ आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणे, करता येते. आयव्हीएफ आणि इक्सीसाठी लेव्हल २ लागते. यशाची शक्यता, धोके, दुष्परिणाम आणि खर्च समजावून सांगणे हेही कायद्याने क्लिनिकवरच टाकलेले काम आहे, तेव्हा प्रश्न विचारताना उपकार मागत असल्यासारखे ओशाळू नकोस. आणि मुलगाच होईल असे कोणी आडवळणाने जरी सुचवले, तरी तिथून बाहेर पडायचे. तो गुन्हा आहे, आणि तो करणारा माणूस बाकीचे नियम पाळत असेल असे मानायला जागा उरत नाही.

साताऱ्याच्या क्लिनिकमध्ये मी स्वतः फोन केला. एम्ब्रियॉलॉजिस्ट कोण, असे विचारल्यावर पलीकडच्या मुलीने सरळ सांगितले, "सर पुण्याहून येतात, बॅच असली की." तिच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले. लहान शहरांत अनेक ठिकाणी हीच पद्धत असते: गोळ्या देऊन आठ-दहा स्त्रियांच्या पाळ्या जुळवून घेतात, सर्वांची इंजेक्शने एकाच सुमारास सुरू करतात आणि बाहेरगावचा एम्ब्रियॉलॉजिस्ट त्या ठरलेल्या दिवसांपुरता येऊन काम उरकतो. पूर्णवेळ माणूस लहान केंद्राला परवडत नाही, त्यामुळे बॅच म्हटले की वाईटच, असे मी म्हणणार नाही. पण वहिनींची अंडी बॅचच्या आधी तयार झाली तर काय करणार? सर परत गेल्यावर पाचव्या दिवसापर्यंत भ्रूण कोण पाहणार, की त्यांच्या गाडीच्या वेळेसाठी ते तिसऱ्याच दिवशी सोडणार? भर पावसात वीज गेली तर इन्क्युबेटर कशावर चालतो? गोठवलेले भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. त्या टाकीतली पातळी कोण मोजतो आणि ती वहीत लिहिली जाते का? हे सगळे तिथे जाऊन, समोर बसून विचार. नीट चालणाऱ्या प्रयोगशाळेतली माणसे या प्रश्नांनी चिडत नाहीत.

आमच्या वेळी अंडी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या एम्ब्रियॉलॉजिस्ट बाईंनी स्वतः फोन करून किती अंडी निघाली, किती पक्व होती आणि किती फलित झाली ते सांगितले, आणि हिने ते दुधाच्या हिशेबाच्या वहीत उतरवून घेतले. भ्रूण सोडण्याआधी आम्हा दोघांची पूर्ण नावे आम्हालाच उच्चारायला लावली आणि आतल्या दुसऱ्या व्यक्तीने ती डिशवरच्या नावांशी ताडून पाहिली. एवढ्या दोन गोष्टींनी मला जो भरवसा वाटला, तो भिंतीवरच्या कोणत्याही पुरस्काराने वाटला नव्हता.

पुण्याच्या पत्रकातले '७० टक्के यश' वाचून तू हुरळला आहेस. ते ७० टक्के कशाचे, हे पत्रकात लिहिलेले नाही. भ्रूण सोडल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी बीटा एचसीजी ही गर्भधारणेची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली की काही ठिकाणी ते यश म्हणून मोजतात. त्यांतल्या काही गर्भधारणा पुढे टिकत नाहीत, आणि ज्यांचे उपचार सुरू होऊन भ्रूण सोडण्यापर्यंत मजलच गेली नाही त्या स्त्रिया तर हिशेबातच नसतात. दात्याच्या अंड्यांचे निकाल त्यात मिसळले की आकडा आणखी फुगतो. ब्रिटनमध्ये एचएफईए ही नियामक संस्था क्लिनिकनिहाय निकाल जाहीर करते आणि तिथे पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांतही सोडलेल्या भ्रूणामागे जन्माचे प्रमाण साधारण तिनात एक एवढे आहे. आपल्याकडे तसे पडताळलेले आकडे समोर नसल्यामुळे प्रश्न नेमका करावा लागतो: वहिनींच्या वयाच्या, स्वतःची अंडी वापरणाऱ्या किती स्त्रियांचे उपचार गेल्या वर्षी सुरू झाले आणि त्यांतल्या किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या?

खर्चाचे अंदाजपत्रक लेखी घे. दीड लाखाच्या पॅकेजमध्ये इंजेक्शने धरली आहेत का, हे पहिले पाहा, कारण मोठी रक्कम बहुधा तिथेच वाढते. भूलतज्ज्ञांची फी, इक्सी, भ्रूण गोठवणे, त्यांचे वार्षिक भाडे आणि नंतरचे गोठवलेल्या भ्रूणाचे रोपण यांचे दर वेगळे लिहून माग. तुझ्या मेडिक्लेममधून यातले काही मिळेल असे गृहीत धरू नकोस. वंध्यत्वाचा उपचार बहुतेक पॉलिसींतून वगळलेला असतो. पहिल्याच खेपेला भ्रूणांची जनुकीय तपासणी, ईआरए (गर्भाशयाचे अस्तर भ्रूणासाठी तयार आहे का हे पाहणारी तपासणी) वगैरे जोडून दिले तर ते तुमच्यासाठी का लागते, एवढेच शांतपणे विचार. सर्वांना सरसकट करण्याइतका पुरावा त्यांच्यामागे नाही.

अंतराचा प्रश्न खराच आहे. इंजेक्शने दहा-बारा दिवस चालतात, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी असते, आणि अंडी पक्व करणारे शेवटचे ट्रिगर इंजेक्शन घेतल्यापासून ३४ ते ३६ तासांत अंडी काढायची असल्यामुळे त्या दिवशी पुण्याच्या वाटेवर खंबाटकी घाटात अडकून चालत नाही. शिवाय अंडी काढल्यानंतर पोट फुगले, धाप लागली, तर रात्री फोन उचलणारा आणि दाखल करून घेणारा कोणीतरी जवळ हवा. म्हणून मी असे सुचवीन: तपासण्या साताऱ्यातच करा. नलिका मोकळ्या असतील आणि तुझा रिपोर्ट ठीक आला, तर आययूआयसुद्धा तिथेच करून पाहता येईल. आयव्हीएफची वेळ आली आणि साताऱ्याच्या क्लिनिककडून वरच्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर पुण्याला या आणि त्या पंधरवड्यात आमच्याकडेच राहा. मागची खोली रिकामी आहे आणि हिने तर आत्ताच होकार भरला आहे. पुण्याच्या ज्या क्लिनिकचे पत्रक तू पाठवलेस, तिथे मात्र अजून पैसे भरू नकोस. महिनाअखेरच्या सवलतीची घाई ते करत आहेत, ती मला आवडलेली नाही.

तुझा रिपोर्ट आला की एचएसजीच्या फिल्मसोबत पाठवून दे. वहिनींना आम्हा दोघांचा नमस्कार सांग.

तुझा मित्र