विशेष काही नाही

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर वाऱ्यात धड बोलणं होत नाही, आणि बाबा, कमी ऐकू येतं हे तुम्ही कबूल करत नाही. म्हणून पत्र.

आमची बोट निवृत्त होतेय. सूर्यास्ताला तिचा राष्ट्रध्वज, नौदलाचा झेंडा आणि डीकमिशनिंगची, म्हणजे निवृत्तीची, पताका शेवटची उतरवतील. मागच्या सुट्टीत तुम्ही विचारलं होतंत, "एकही लढाई नाही, मग एवढी वर्षं तिनं केलं काय?" मी हसून टाळलं. खरं तर राग आला होता.

तिच्या लॉगबुकात पानामागून पानं एकच गोष्ट आहे. जागा, वेग, वारा, आणि पुढे 'विशेष काही नाही'. रात्री बारा ते चारच्या वॉचला हे लिहिताना माझेही डोळे मिटायचे. पण काही घडू नये म्हणूनच तर तिला तिथे ठेवलेली. समुद्रात कुंपण घालता येत नाही. १९७६च्या कायद्यानं १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, आपली हद्द ठरली. पाण्यावर ती रेघ दिसत नाही. गस्तीची बोट मात्र दिसते.

२००८मध्ये मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' नावाच्या आपल्याच मासेमारी बोटीवरून आले. त्यामुळे साध्या बोटीलाही थांबवून विचारावं लागतं: नंबर काय, तांडेल (बोटीचा प्रमुख) कोण, खलाशी किती, ओळखपत्रं आहेत का. जाळं पाण्यात असताना असं कुणी अडवलं तर मीही वैतागलो असतो. एका म्हाताऱ्या तांडेलानं मला सुनावलं होतं, "काल पण तुम्हीच आला होतात, आज काय माणसं बदलली?" उत्तर नव्हतं. ओळखपत्रं मात्र पाहिली.

बाकी माझा वेळ गेला इंजिन रूममध्ये. आई, तुला वाटतं समुद्रावर गार हवा असते. खाली ये एकदा! आमची बोट वॉटर जेटवर चालते. पाणी आत ओढून मागे जोरात फेकायचं. त्या पाण्याबरोबर फाटक्या जाळ्यांचे तुकडेही ओढले जातात, मग कुणीतरी पाणबुडा उतरतो. खाली चिकटलेले शिंपले वेग खातात, डिझेलही. आणि गंज. लोखंड वाचावं म्हणून तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. खारं पाणी आधी जस्ताला खातं, पत्रा टिकतो. दर ड्राय डॉकला, म्हणजे बोट दुरुस्तीला कोरड्या गोदीत घेतली की, झिजलेले काढायचे, नवे बसवायचे. पण पत्राही शेवटी पातळ होतोच. अलीकडे ती पूर्वीचा वेग गाठत नव्हती, आणि तिचे सुटे भाग मिळवणं म्हणजे निव्वळ वणवण.

काही बोटींना पुढचं आयुष्य मिळतं. 'आयएनएस तारमुगली' २००५मध्ये सेशेल्सला दिली, तिथे ती 'टोपाझ' नावानं गस्त घालू लागली. आमचीचं काय होणार, अजून कळलेलं नाही. बहुतेक भंगारच.

पुढच्या पोस्टिंगआधी पंधरा दिवस घरी येतोय. मागच्या ड्राय डॉकमध्ये काढलेला एक ठोकळा सांभाळून ठेवलाय, तो आणतो. वेडावाकडा, खड्डे पडलेला आहे. आई, तो घासून लख्ख करू नकोस.

तुमचा,
धाकटा