‘डिजिमॉन’ला नक्कल म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्वदच्या दशकातील जपानी कार्टून मालिकांवर जो लेख आला, त्यात ‘डिजिमॉन’ची बोळवण ‘पोकेमॉनची नक्कल’ एवढ्या दोनच शब्दांत केलेली आहे. लेख एरवी मन लावून लिहिलेला आहे आणि हा शेरा काही एकट्या लेखकाचा नव्हे. मीसुद्धा तो मालिका धड न पाहता कित्येक वर्षे मारत आलो. गेल्या मे महिन्यात भाचा सुटीला आला असताना १९९९ सालची ‘डिजिमॉन अ‍ॅडव्हेंचर’ ही ५४ भागांची मालिका त्याच्याबरोबर मूळ जपानी संवादांसह पाहिली, आणि आपण वाचलेला आरोप व समोर दिसणारी गोष्ट यांचा मेळ बसेना, म्हणून हे पत्र.

संशय येण्याजोगे पुष्कळ आहे, हे आधीच मान्य करतो. ‘पोकेमॉन’चा खेळ फेब्रुवारी १९९६मध्ये आला, त्यावरची मालिका एप्रिल १९९७मध्ये सुरू झाली, आणि ‘डिजिमॉन’ फुजी टीव्हीवर ७ मार्च १९९९ रोजी अवतरली. दोन्ही नावांच्या शेपटाला ‘मॉन’ आहे, दोन्हींत प्राणी रूप पालटून मोठे होतात. निर्मात्यांना त्या लाटेचा मोह पडलाच नसेल, अशी ग्वाही मी देणार नाही. परंतु या मालिकेचे कूळ शोधायचे तर ‘पोकेमॉन’कडे नव्हे, ‘तामागोत्ची’कडे जावे लागते. बांडाई कंपनीचे ते अंड्याच्या आकाराचे खेळणे नोव्हेंबर १९९६मध्ये बाजारात आले. पडद्यावरच्या पिल्लाला वेळच्या वेळी भरवायचे, त्याची घाण काढायची, हयगय केली तर ते मरायचे. याच कंपनीने जून १९९७मध्ये मुलग्यांना डोळ्यांसमोर ठेवून त्याचे दांडगे भावंड काढले, ते ‘डिजिमॉन’. त्यातही मांस भरवणे, घाण काढणे, सराव करून घेणे आलेच. शिवाय दोन मुलांची खेळणी एकमेकांना जोडून झुंज लावता येत असे. आणि पिल्लाकडे दुर्लक्ष झाले की ते मोठेपणी रुबाबदार ग्रेमॉन न होता नुमेमॉन नावाचा गोगलगायीसारखा ओंगळ प्राणी होई. म्हणजे जोपासना कशी झाली, ते पुढच्या रूपावरून दिसत असे.

हे खेळण्याचे नियम मालिकेत मुरले आहेत, आणि माझ्या मते तिचे बळ तिथेच आहे. उन्हाळी शिबिरातून अचानक ‘डिजिटल जगा’त जाऊन पडलेल्या मुलांची ही गोष्ट. ‘पोकेमॉन’सारखे इथे कोणी प्राणी पकडत नाही, जमवत नाही. एका मुलाला एकच सोबती मिळतो आणि तो अखेरपर्यंत तोच राहतो. सोबत्याचे मोठे रूपही टिकाऊ नसते. लढाई संपली की तो पुन्हा लहान होतो, भुकेला आणि दमलेला. सोळाव्या भागात या मुलांपैकी ताइची आपल्या सोबत्याला, आगुमॉनला, बळेच खाऊ घालतो, का तर त्याने लवकर पुढचे रूप घ्यावे. तेवढ्याने भागेना म्हणून लढाईत मुद्दाम स्वतःचा जीव धोक्यात घालतो. रूप पालटते, पण येतो तो हाडांचा सापळा उरलेला, कोणालाही न ओळखणारा राक्षस. आवेग ओसरल्यावर पार इवलासा झालेला तो जीवच ताइचीची माफी मागतो, हे पाहताना भाचा आणि मी दोघेही गप्प होतो. तेराव्या भागात दुसरीतल्या ताकेरूचा सोबती एंजेमॉन मित्रांसाठी प्राण देतो आणि ताकेरूच्या हाती उरते ते एक अंडे. त्यातून निघालेल्या पिल्लाला त्याला पहिल्यापासून वाढवावे लागते.

मुलांच्या घरांकडेही ही मालिका डोळेझाक करत नाही. ताकेरू आणि यामातो हे सख्खे भाऊ, पण आईवडिलांचा घटस्फोट झाल्याने एक आईकडे राहतो, दुसरा वडिलांकडे. त्यांच्यातलाच कोशिरो हा दत्तक मुलगा आहे. ही गोष्ट त्याने आईवडिलांचे बोलणे चोरून ऐकल्यामुळे त्याला कळलेली असते आणि त्यांना मात्र याची कल्पना नसते. मूळ जपानीत तो घरातसुद्धा परक्याशी बोलावे तसे आदबीने बोलतो, आपल्याकडे एखादा मुलगा आईलाही ‘अहो आई’ म्हणेल तसे. कानाला खटकणारे ते अंतर कुठून आले, हे पुष्कळ उशिरा उलगडते. इंग्रजी अवतारात नावे बदलली, संगीत बदलले, शांत जागी विनोद भरले. अशा बारकाव्यांना तिथे जागा उरली नाही.

उणिवा नाहीत असे नाही. रूप पालटण्याचे तेच चित्रण त्याच गाण्यावर इतक्यांदा येते की भाचा त्या वेळात पाणी पिऊन यायचा. काही भागांतली चित्रेही घाईत उरकलेली आहेत.

परंतु एकविसावा भाग पाहावा. त्याचे दिग्दर्शन मामोरू होसोदा यांचे आहे. मालिकेच्या आदल्या दिवशी, ६ मार्च १९९९ रोजी आलेला, फ्रेंच संगीतकार राव्हेलच्या ‘बोलेरो’ या रचनेच्या साथीने उलगडणारा ‘डिजिमॉन’चा वीसेक मिनिटांचा लघुपटही त्यांचाच, आणि पुढे त्यांच्या ‘मिराई’ या अ‍ॅनिमेशनपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. या भागात ताइची अचानक तोक्योतल्या आपल्या घरी येऊन पडतो. तिकडे डिजिटल जगात त्याचे कितीतरी दिवस गेले, इथे मात्र अजून १ ऑगस्टच आहे. भर उन्हाळ्याची दुपार, रिकामे घर, मित्रांना फोन करावा तर कोणी जागेवर नाही, आणि सर्दीमुळे शिबिराला न गेलेली धाकटी बहीण हिकारी घरात एकटी. राहावे की परतावे, हे त्याला ठरवता येत नाही. शेवटी तो आभाळाकडे, पुन्हा त्या जगात ओढला जातो आणि बहीण खाली राहते. लढाई आहे, पण ती आटोपशीर. लक्षात राहते ती दुपार.

आपल्या लेखकांना माझी विनंती एवढीच, की हा एक भाग आणि तो लघुपट त्यांनी जपानी संवादांसह पाहावा. दोन्हीला मिळून पाऊण तासही लागत नाही. त्यानंतरही त्यांचे मत कायम राहिले, तर ते सविस्तर वाचायला मला आवडेल.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली