कंत्राटी हातांवर चालणारी अभ्यासकेंद्रे

महोदय,

एसएनडीटी विद्यापीठात १९७४ साली स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. नीरा देसाई त्याच्या पहिल्या संचालक. पुणे विद्यापीठाचे केंद्र १९८७चे. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) योजनेतून अशी केंद्रे गावोगावच्या विद्यापीठांत उभी राहिली. त्यांचे पैसे मात्र पंचवार्षिक योजनेला बांधलेले होते. बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि केंद्रे मुदतवाढीच्या पत्राची वाट पाहू लागली.

संचालकपद बहुधा दुसऱ्या विभागाच्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून असते. सह्या होतात, पण मुलाखतींची प्रश्नावली तपासायला वेळ कुणाला? ते काम संशोधन सहायक करतो, आणि त्याची नेमणूक ११ महिन्यांची! अनुदान उशिरा येते, खर्च ३१ मार्चपूर्वी दाखवायचा असतो. मग वस्त्यांत जाऊन मुलाखती घेण्याच्या क्षेत्रकार्याऐवजी चर्चासत्रे उरकली जातात.

सहायक गेला की खरे नुकसान कळते. कपाटात ध्वनिफिती सापडतात, त्यांवर ना तारीख ना गावाचे नाव. मुलाखत देणाऱ्या बाईचे संमतिपत्र नसेल, तर ती मुलाखत वापरताच येत नाही. वस्तीतल्या लोकांनाही दरवेळी नव्या चेहऱ्यापुढे तीच कहाणी सांगावी लागते.

किमान एक पूर्णवेळ संचालक, एक कायम संशोधक आणि एक दस्तऐवज सांभाळणारा, ही तीन पदे विद्यापीठाने स्वतःच्या अंदाजपत्रकात घ्यावीत. प्रकल्पापुरती माणसे कंत्राटावर घेतली तरी चालेल, पण त्यांचा करार प्रकल्पाच्या मुदतीइतका असावा.

— अभ्यासकेंद्रांतील काही संशोधक